सूचना क्रमांक बेचाळीस

पालकांना कळवण्यात येते की
शनिवारी शाळा सकाळची भरेल.
एवढं एक वाक्य मी तीनदा खोडते.
कामेरकर मॅडम अनुस्वारसुद्धा मोजून घेतात.

नववी ब, पट अडतीस.
शिवडीतली शाळा, दुसरा मजला,
खिडकीत गोदीच्या क्रेन,
आणि थंडीत, ओहोटीला,
चिखलावर फ्लेमिंगोंची लांबच लांब गुलाबी रेघ,
जिच्यासाठी मी दरवर्षी भूमितीचा एक तास बुडवते.
तेवढं सोडून
बाकी सगळं घरी कळवते.

कळवते, की घटक चाचणीचे गुण लागलेत.
कळवते, की गुणांवरून मुलांना मारू नये.
(हे मॅडमनी कापलं. मी तोंडी सांगत राहते.)
कळवते, की निळा डबा सापडलाय,
झाकणावर खिळ्यानं कोरलेला 'स'.
वर्गात 'स'ची आठ मुलं.
कुणीच न्यायला येत नाही,
आत अर्धी भाकरी उरली होती म्हणून.

पूर्वी चिठ्ठ्या जायच्या,
खाली तुटक रेघ, तिच्याखाली 'पालकाची सही'.
प्रणीत हडकरच्या वडिलांची सही
त्यांच्यापेक्षा प्रणीतच चांगली करायचा.
आता सगळं फोनवर जातं,
सहीच्या जागी दोन निळ्या खुणा येतात,
आणि नको असतानाही मला कळत जातं
कुठल्या घरात कधी जाग असते.
नाझनीनची अम्मी जरीकामावरून मान वर काढते
अकराच्या सुमाराला. नेहमी फक्त अंगठा.
दिक्पालचे वडील, सोसायटीच्या गेटवर, एक वाजून दहा.
स्वरालीचे पप्पा जहाजावर,
बंदर लागलं की बारा दिवसांच्या सूचना एका दमात.
आणि हितेनची आई, जयवंती नाखवा: तीन चाळीस.
भाऊच्या धक्क्यावर लिलाव उभा राहायच्या आधी,
फोन बहुतेक बर्फाच्या पेटीवर टेकवून.

जानेवारीतला मंगळवार.
याद्या भरता भरता रात्रीचे साडेतीन वाजले.
चिपळूणच्या बहिणीला लिहिलं,
'ताई, होत नाही गं आता.
उद्या उठून शाळेत जाऊच नये असं वाटतंय.'
गेलं
नववी ब पालक, यांना.

दोन मिनिटं.
मग काढलं.
अडतीस घरांत सकाळी एक राखाडी ओळ उगवली,
संदेश हटवला आहे.

'बाई, सुट्टी आहे काय?'
'फी वाढली का?'
'मॅडम, क्या था?'
मी लिहिलं, चुकून गेलं, क्षमस्व.
मॅडमनी विचारलं, 'क्षमस्व' कशाबद्दल?

दुपारी वेगळा एक निरोप आला, एकटीला:
'मी काय वाचलं नाय हां, बाई.'

मी कुठे काही विचारलं होतं.

पालकसभेला ती धक्क्यावरून तशीच आली,
मागच्या बाकावर बसली,
हाताला मासळीचा वास म्हणून
हात टेबलाखाली ठेवून.
हितेनचं बीजगणित कुठं अडतं, ते विचारलं.
वर्गसमीकरणं, मी म्हटलं.
'सुटतील ना?'
सुटतील.
तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं,
जणू प्रश्न हितेनचा नव्हता,
मग पिशवी उचलून निघाली,
जिन्यात तिच्या चपला बराच वेळ वाजत राहिल्या.

रात्री मी पुढची सूचना लिहिली,
मॅडमना न दाखवता.
सूचना क्रमांक बेचाळीस:
पालकांना कळवण्यात येते की
शुक्रवारी सकाळी आठ वाजता ओहोटी आहे.
नववी ब भूमितीचा तास करणार नाही.
वर्ग खिडकीशी उभा राहून पक्षी पाहील.
ज्यांना जमेल त्यांनी यावे.

अकराला एक अंगठा.
एक दहाला दोन निळ्या खुणा.
तीन चाळीसला उत्तर:

'ओहोटी आठला नाय, बाई.
साडेनऊ लावा.'